पास : एका शब्दाची हकीकत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिका छापायला देण्यापूर्वी माझ्या भाषणाचा विषय काय लिहायचा, अशी मला विचारणा झाली. मी 'पास' असा एकच शब्द सांगितला. विचारणाऱ्याने लगेच उलट विचारले, "सर, कोणता पास? एस.टी.चा की जेवणाचा?" आज दुपारी आपण सर्वजण जेवणार आहोत व त्यासाठी पास वाटलेले आहेत, तेव्हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. माझे भाषण त्या प्रश्नाविषयीच आहे.

मी इंग्रजी शिकवतो. आपल्या भागात इंग्रजीची धास्ती किती आहे हे मी सांगायला नको. दहावीला बसणाऱ्या मुलाचा बाप मला रस्त्यात भेटला की सलाम-दुआ झाल्यावर पहिला प्रश्न असतो, "सर, इंग्रजीत निघेल ना?" गणिताचे नाव नंतर. मुलांची समजूत अशी की इंग्रजी म्हणजे हजारो परके शब्द, आणि ते सगळे पाठ केले पाहिजेत. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. परका शब्द मुलाला फारसा चकवत नाही, कारण तो परका आहे हे त्याला ठाऊक असते. तो थांबतो, कोणाला तरी विचारतो. चकवतो तो ओळखीचा शब्द. असा एक शब्द आज मी आपणांपुढे घेऊन आलो आहे.

प्रथम आपल्या घाटनांदूरपासून सुरुवात करू. आमच्या वर्गात भूगोलाच्या पुस्तकात 'खैबर पास' आला की मुले हसतात. खैबर कोणत्या परीक्षेत पास झाला, असे एकाने मला विचारलेही होते. डोंगराच्या रांगेतून पलीकडे जाण्याची जी वाट, तिला इंग्रजीत पास म्हणतात. मराठीत खिंड किंवा घाट. आता आपल्या गावाच्या नावात काय आहे पाहा. आपण बालाघाटच्या डोंगरात राहतो. बाला म्हणजे वरचा, हा फारसी शब्द, घाट आपला. आणि गाव घाटनांदूर. इकडे केज तालुक्यात दुसरे गाव आहे, त्याचे नाव नांदूरघाट. शब्द तेच दोन, नुसती जागा बदलली, तरी पत्र चुकीच्या गावी जाऊन पडेल. शब्द कोणता आहे एवढेच पाहून भागत नाही, तो कोठे बसला आहे हेही पाहावे लागते.

घाटाविषयी आणखी एक गंमत सांगतो. इंग्रज इकडे आले तेव्हा कोकणातून वर येण्याच्या वाटांना लोक घाट म्हणतात हे त्यांनी ऐकले. बोरघाट, थळघाट वगैरे. त्यांच्याजवळ 'पास' हा शब्द तयार होता, तरी त्यांनी आपला घाट उचलला आणि वाटेऐवजी सगळ्या डोंगराच्या रांगेलाच ते नाव देऊन टाकले. 'वेस्टर्न घाट्स' हे नाव आज जगभर चालते. मराठी माणसाने सह्याद्रीला सबंध घाट कधी म्हटले नव्हते. म्हणजे दुसऱ्याच्या भाषेतला शब्द घेताना साहेबही चुकतो. आपली मुले चुकली तर त्यांच्यावर ओरडण्यापूर्वी हे आठवावे.

आणि एका शब्दाला अनेक अर्थ असणे ही काही एकट्या इंग्रजीची खोडी नाही. नदीला घाट असतो, डोंगराला घाट असतो, दागिन्याचाही घाट असतो, आणि "हा कसला घाट घातलास?" असे आपण घरात विचारतो तेव्हा तेथे नदीही नसते आणि डोंगरही नसतो. आपल्याला कधी अडचण येत नाही. कारण हे अर्थ आपण पुस्तकातून पाठ केलेले नाहीत.

आता पासकडे येतो. मूळ लॅटिन शब्द 'पासुस', म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंचमध्ये 'पासे', म्हणजे पाऊल टाकून पुढे जाणे, ओलांडणे. तेथून तो इंग्रजीत आला. एवढे मूळ लक्षात ठेवले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. डोंगर ओलांडण्याची वाट ती पास. वेस किंवा बंदर ओलांडण्याची परवानगी तो पासपोर्ट. फाटकातून आत जाण्याचा कागद तो गेटपास. जुन्या कागदपत्रांत याच कामाच्या कागदाला 'दस्तक' म्हणत. गावाला वळसा घालून जाणारा रस्ता तो बायपास, आणि हृदयाची रक्तवाहिनी तुंबली म्हणजे तिला वळसा घालून डॉक्टर जी नवी वाट काढून देतात ती सुद्धा बायपासच. "चाचांची बायपास झाली" आणि "गावाची बायपास झाली" ही दोन्ही वाक्ये आपल्याकडे एकाच ओट्यावर बोलली जातात आणि ऐकणारा बरोबर समजतो.

आपले स्टेशन परळी-विकाराबाद मार्गावरचे, निजामाच्या काळात टाकलेले. त्या रुळांवरून एक शब्द आपल्या घरात शिरला, तो पॅसेंजर. इंग्रजीत पॅसेंजर म्हणजे प्रवासी, माणूस. आपल्याकडे पॅसेंजर म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी. "पॅसेंजर गेली का?" असे आपण विचारतो तेव्हा कोणी बाई गेली का असे आपल्याला विचारायचे नसते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत 'पॅसेज' येतो, म्हणजे उतारा; आणि दवाखान्यात गेलो की नर्स म्हणते, पॅसेजमध्ये बसा. तो दोन खोल्यांमधला बोळ. दोन्हींतून पलीकडे जायचे असते, एकातून पायांनी आणि दुसऱ्यातून डोळ्यांनी. मुलांना मी हे सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, "सर, परीक्षेतल्या पॅसेजमधून बाहेर पडायला दरवाजाच सापडत नाही." खरे आहे ते.

गाड्यांचा व्यवसाय करणारे बरेच पालक येथे बसले आहेत. त्यांच्या तोंडी 'पासिंग' असते. "कुठलं पासिंग?" "एमएच ४४." म्हणजे अंबाजोगाई. बीडची असेल तर २३. आता हा प्रयोग लंडनच्या माणसाला सांगितला तर त्याला कळणार नाही. परंतु तो आला कोठून हे उघड आहे : वाहन तपासणीला उभे राहते, निरीक्षक पाहतो आणि ते पास होते. गाडीची परीक्षाच म्हणा ना. फरक एवढाच की गाडीला आपण नापास झाल्याचे दुःख होत नाही.

'नापास' हा शब्द घ्या. इंग्रजीत तो मुळीच नाही. तेथे मुले फेल होतात. नाराज, नाहक, नालायक, नापसंत या शब्दांत जो फारसी 'ना' आहे, तो आपण इंग्रजी पासच्या डोक्यावर बसवला. फारसी टोपी, इंग्रजी अंग आणि बोलणारा मराठी. कोणा पंडिताने बसून हा शब्द तयार केलेला नाही, निकालाच्या दिवशी तो आपोआप झाला असावा. पुढे आपण आणखी बनवले : काठावर पास, ढकलपास. पुस्तकी मराठीत पासला 'उत्तीर्ण' म्हणतात, आणि उत्तीर्ण म्हणजे तरून पलीकडे गेलेला. मग काठावर पास म्हणजे ज्याचे पाय कसेबसे काठाला लागले तो, असा माझा आपला तर्क आहे. तो खरा असो वा नसो, शंभरात ३५ मिळवणाऱ्या मुलाचे चित्र मात्र यात अगदी हुबेहूब येते.

ढकलपासविषयी थोडे बोललेच पाहिजे, कारण तो नुसता शब्द नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली संसदेत पास झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत कोणाला त्याच वर्गात ठेवू नये असे होते. हेतू चांगला होता : नापास झालेले मूल शाळा सोडते, आणि मुलगी असेल तर हमखास सोडते. पण गावोगाव त्याचा अर्थ 'न शिकता पुढे जाणे' असा घेतला गेला. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. मधल्या काळात जी मुले माझ्यासमोर नववीत येऊन बसली, त्यांतील काहींना स्वतःचे नाव इंग्रजीत लिहिता येत नव्हते, आणि ती सर्व पास होती. त्यांच्या घरी मी सांगायला गेलो की बाप प्रगतिपुस्तक काढून दाखवी. पास होणे आणि पुढे जाणे यांत अंतर पडले होते, पण शब्द एकच होता, त्यामुळे ते अंतर बापाला दिसत नव्हते.

उलट बाजूही आहे. २०१६ साली दहावीच्या गुणपत्रिकेवरून अनुत्तीर्ण हा शेरा काढून 'कौशल्य विकासास पात्र' असे लिहिण्याचे ठरले. मुलाच्या मनाला लागू नये हा उद्देश. एका पालकाने ते शब्द वाचून मला विचारले, "सर, पात्र लिहिलंय, म्हणजे पास ना?" मी काय उत्तर दिले असेल ते आपण समजू शकता. मला ते देताना फार जड गेले.

असो. आता आपल्या घरातल्या बोलीकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दखनी उर्दू बोलतात, बाहेर मराठी. उर्दूत 'पास' म्हणजे जवळ. मराठीत आसपास आहे. शेतकऱ्याच्या घरी वखराची पास असते, लोखंडाची, ती लोहाराकडे शेवटायला न्यावी लागते. तिचा लॅटिनशी काही संबंध नाही. आणि मग हा इंग्रजी पास. एकदा एस.टी.त आमची एक मुलगी कंडक्टरला सांगत होती, "मेरे पास पास नै, घर पे रह गया." कंडक्टर मराठी माणूस, पण त्याला बरोबर समजले. एका वाक्यात दोन पास, एक संस्कृत 'पार्श्व'वरून उर्दूत आलेला आणि एक लॅटिनमधून इंग्रजीत आलेला, शेजारी शेजारी बसले आणि भांडण झाले नाही. ज्या मुलीला इंग्रजी येत नाही असे आपण म्हणतो ती हे वाक्य विचार न करता बोलते.

पालकांसाठी जाता जाता सांगतो की ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत एस.टी.चा हा पास मोफत मिळतो आणि मुलांना भाड्यात जवळजवळ दोन तृतीयांश सवलत असते. अर्ज शाळेतून भरावा लागतो. दरवर्षी काही पालक तो भरायला उशीर करतात आणि दोन महिने मुलगी घरी बसते. विषय शब्दाचा असला तरी हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता मी ज्यासाठी हा विषय निवडला तो प्रसंग सांगतो. ज्यांच्या घरी तो घडला त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने सांगत आहे. नाव व गाव सांगणार नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनीही ते येथेच ठेवावे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीला एक मुलगा होता. बरा मुलगा, इंग्रजीत इतरांपेक्षा उजवाच. त्याचे मामू आखाती देशात कामाला होते. तेथे ड्रायव्हिंगचे लायसन्स मिळाले की पगार वाढतो, त्यासाठी ते परीक्षा देत होते आणि दोनदा नापास झाले होते. घरात सर्वांना त्या परीक्षेची खबर असे. एके दिवशी दुपारी घरच्या मोबाइलवर एक संदेश आला. मामूंच्या खोलीत राहणारा केरळचा गृहस्थ, त्याला ना हिंदी लिहिता येई ना उर्दू. त्याने इंग्रजीत लिहिले होते, "सॉरी ब्रदर, ही पास्ड धिस मॉर्निंग." घरात इंग्रजी वाचणारा हा एकच मुलगा. त्याने वाचले आणि ओरडून सांगितले, "मामू पास हो गये!"

नानीने शेजारी साखर वाटली.

नंतर तो मला म्हणाला की सॉरी हा शब्द त्याला खटकला होता. पण त्याने मनाशी म्हटले, सकाळी निकाल लागला आणि दुपारी कळवतो आहे, म्हणून सॉरी म्हणत असेल. आपणही हल्ली सॉरी किती सहज म्हणतो. अर्ध्या तासाने कंपनीतून फोन आला, हिंदीतून.

मुलगा आठ-दहा दिवस शाळेत आला नाही. मी पुरशाला गेलो. तो एका कोपऱ्यात बसला होता. निघताना मला दारापर्यंत पोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "सर, आपच बोले थे ना, पास याने पास."

मित्रहो, तो म्हणाला ते खरे होते. मीच सांगितले होते. शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देताना मी 'पास' लिहून पुढे 'पास होणे' असे लिहिले होते आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले होते. त्या दिवशी घरी येताना माझ्या लक्षात आले की मी त्यांना अर्थ मुळी सांगितलाच नव्हता. इंग्रजी शब्द घेतला, देवनागरीत लिहिला आणि तोच परत त्यांच्या हातात ठेवला. त्यांना वाटले आपल्याला हा शब्द येतो. मलाही वाटले की आपण शिकवला. आमच्या बी.एड.च्या पुस्तकात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' असे एक सूत्र आहे, प्रत्येक पाठ-टाचणात आम्ही ते लिहीत असू. ज्ञातच जर अर्धे असेल तर काय करावे, हे तेथे दिलेले नव्हते.

आणि अधिक वाईट वाटले ते याचे, की त्या मुलाच्या घरात या शब्दाची किल्ली होती. त्याच्या नानीला ती येत होती. मला येत होती. उर्दूत 'गुजरना' म्हणतात. वक्त गुजरता है. आदमी गली से गुजरता है. मुश्किल से गुजरता है. आणि माणूस वारला की आपण म्हणतो, गुजर गये. इंग्रजी पासने जी जी वाट घेतली, जवळजवळ तीच वाट या शब्दाने घेतलेली आहे. 'ही पास्ड' याचे शब्दाला शब्द भाषांतर 'वो गुजर गये' एवढेच होते, त्यात एक अक्षर कमी-जास्त नाही. मी जर फळ्यावर 'पास म्हणजे गुजरना' असे लिहिले असते तर तो मुलगा वाचता वाचता थांबला असता.

मराठीतही हा शब्द आलेला आहे. गुजराण आपण म्हणतोच. 'प्रसंग गुदरला' म्हणतो. कचेरीच्या जुन्या मराठीत अर्ज 'गुदरत' असत, म्हणजे साहेबापुढे पोचवत असत. इंग्रजीत एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती पोचवण्यालाही पासच म्हणतात. जेवताना साहेब म्हणतो, मीठ पास करा. फुटबॉल खेळताना आपली मुले ओरडतात, पास दे, पास दे! तो हाच पास. खेळताना एकाही मुलाने मला त्याचा अर्थ विचारलेला नाही.

तेव्हापासून मी हा शब्द शिकवण्याची रीत बदलली. अर्थांची यादी देत नाही. यादी दिली की मुले ती पाठ करतात आणि यादीत नसलेला अर्थ आला की पुन्हा तेच. मी त्यांना दोन गोष्टी पाहायला सांगतो : पास होणारा कोण आहे, आणि त्या शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे. शेजारी परीक्षा असेल तर आपला पास. वेळ असेल तर वेळ जातो. शेजारी कोणाचे घर असेल तर त्या घरावरून कोणी पुढे गेले. "आय पास्ड हिज हाउस" याचे "मी त्याचे घर पास केले" असे भाषांतर माझ्याकडे अजून दरवर्षी दोन-तीन तरी येतात. शेजारी 'अवे' असेल तर माणूस गेला. आणि हल्ली इंग्रजीत तो 'अवे' गाळून नुसते 'पास्ड' म्हणण्याची पद्धत बरीच पसरली आहे, म्हणून शेजारी कोणीच नसेल तर अधिक जपून वाचावे आणि आसपासची वाक्ये पाहावीत. सॉरी कोठे आहे का, तेही पाहावे.

'आउट' असेल तर मात्र पंचाईत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून सैन्याचे छात्र बाहेर पडतात त्याला पासिंग आउट परेड म्हणतात, ते इंग्लंडमध्येही चालते. त्यावरून आपण कॉलेजातूनही पासआउट होऊ लागलो. नोकरीच्या अर्जात आपली मुले "आय पास्ड आउट इन २०१५" असे लिहितात. भारतात कोणी हसत नाही. पण इंग्लंडच्या माणसाला वाटेल की हा २०१५ साली बेशुद्ध पडला होता. परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांनी 'ग्रॅज्युएटेड' लिहावे, म्हणजे झाले. आपला प्रयोग चूक आहे असे मी म्हणणार नाही. एवढे कोट्यवधी लोक जो बोलतात तो चूक कसा म्हणावा? फक्त समोर कोण आहे ते पाहून बोलावे.

याच्या उलट, आपण केलेला एक शब्द मला फार आवडतो, तो टाईमपास. गाडीत शेंगदाणे-फुटाणे विकणारा "टाईमपास, टाईमपास" असे ओरडतो. २०१४ साली याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. पुष्कळांना वाटते की हे मोडके इंग्रजी आहे. पण खुद्द इंग्रजीत 'पासटाइम' हा शब्द शेकडो वर्षे आहे आणि तो याच दोन शब्दांचा झालेला आहे, करमणूक या अर्थी. इंग्रजाने पास अगोदर ठेवला, आपण नंतर. म्हणजे घाटनांदूर आणि नांदूरघाट.

स्पेलिंगचीही एक गोष्ट येथेच सांगतो, ती परीक्षेत उपयोगी पडेल. 'पी-ए-एस-एस-ई-डी' आणि 'पी-ए-एस-टी' यांचा उच्चार सारखाच. दुसरा शब्द पहिल्यापासूनच निघालेला : जो गेला, गुजरला, तो भूतकाळ. क्रियापद असेल तेथे पहिला लिहावा, नुसता काळ किंवा 'पलीकडे' असे सांगायचे असेल तेथे दुसरा. 'हाफ पास्ट फाइव्ह' म्हणजे साडेपाच; पाच वाजून अर्धा तास गुजरला. ही चूक मी बी.ए.ला असताना स्वतः केलेली आहे, तेव्हा मुलांनी फार वाईट वाटून घेऊ नये.

तो मुलगा पुढे शाळेत आला, पण वर्षभर माझ्या तासाला त्याने पुस्तक वाचायला म्हणून हात वर केला नाही. मी सक्ती केली नाही. दहावीच्या वर्षी मी वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. वर फक्त 'पास' हा शब्द, देवनागरीत. ज्याला हा शब्द जेथे भेटेल तेथले वाक्य त्याने तेथे लिहावे, भाषा कोणतीही. पहिल्या आठवड्यात पाच-सहा वाक्ये आली : एस.टी., परीक्षा, बँकेचे पासबुक, एवढेच. मग हळूहळू मुलांना नाद लागला. एकाने वडिलांच्या कंत्राटाचे "बिल पास झाले" हे लिहिले, तर त्याच्याखाली दुसऱ्याने वर्तमानपत्रातून "विधानसभेत बिल पास" हे लिहिले आणि कंसात प्रश्न केला की विधानसभेला पैसे कोणी दिले. मग 'बिल' या शब्दासाठी दुसरा कागद लावावा लागला. एका मुलीने लिहिले, "मेरे पास पास था, लेकिन बस पास हो गई." ती धावत फाट्यावर पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती, त्या दिवशीचे ते वाक्य. तीन पास, तीन अर्थ, आणि व्याकरणात कोठे चूक नाही. मी तिला दहापैकी दहा गुण दिले असते, पण ते गुण कोणत्या रकान्यात लिहायचे ते मला समजले नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक नवे वाक्य होते. "ही पास्ड धिस मॉर्निंग." त्याच्यापुढे उर्दू लिपीत : "वो आज सुबह गुजर गये." खाली नाव नव्हते. अक्षर मी ओळखले. त्या दिवशी तासाला मी धडा वाचायला कोण उभे राहते असे विचारले तेव्हा त्याने हात वर केला.

तो कागद मी जपून ठेवला आहे आणि आज तो या मंडपाच्या बाहेर, जेवणाच्या रांगेजवळ लावलेला आहे. मुलांनी अजून त्याच्या डाव्या बाजूला बरीच जागा ठेवली आहे. दोऱ्याने पेन्सिल बांधलेली आहे. रांगेत उभे असताना आपल्या दुकानातला, शेतातला, गाडीवरचा, दवाखान्यातला एखादा पास आठवला तर लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी जवळ उभ्या असलेल्या कोणत्याही मुलाला सांगावे, तो लिहून देईल. आणि जेवणाचे पास हातात ठेवा, दारावर ते विचारतील.